ट्रेमोलो ब्रिजची गिटार आणि फोंड्याचा पावसाळा : दहा महिन्यांच्या वापरानंतर

फेब्रुवारीत, शिगम्याच्या थोडे आधी, मी फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीची एक इलेक्ट्रिक गिटार २७,००० रुपयांना घेतली. तिचा ब्रिज, म्हणजे तारा जेथे अंगाला अडकतात तो धातूचा भाग, ट्रेमोलोचा म्हणजे दांडीने हलणारा आहे आणि तो दोन खांबांवर टेकलेला आहे. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचे आहे ते या धर्तीच्या बहुतेक गिटारींना लागू पडेल. घेण्यापूर्वी ज्या ज्या वादकाला विचारले त्याने एकच गोष्ट ऐकवली होती, की ट्रेमोलो असेल तर सूर टिकणार नाही. दहा महिने वाजवून, चार वेळा पूर्ण जुळणी करून आणि दोनदा ती बिघडवून मी अशा मताला आलो आहे, की सूर जातो हे खरे असले तरी त्याचा ठपका ब्रिजवर फुकट बसतो. माझ्याकडे दोष बहुतेक वेळा नटचा (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी), हवेचा किंवा माझ्या घाईचा निघाला.

या ब्रिजची मूळ रचना लिओ फेंडर यांनी १९५४ साली स्ट्रॅटोकास्टरबरोबर बाजारात आणली आणि तिला ट्रेमोलो हे चुकीचे नाव दिले. ट्रेमोलो म्हणजे आवाज लहानमोठा होणे. ही दांडी तर सूरच खालीवर करते. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. यंत्रणा तशी साधी आहे. वरच्या बाजूने सहा तारा ब्रिजला पुढे ओढतात आणि गिटारच्या पाठीमागच्या पोकळीत तीन ते पाच स्प्रिंगा त्याला उलट दिशेने खेचून धरतात. सर्वांत बारीक तार ०.००९ इंच जाडीची असलेल्या संचातल्या सहा तारांचा एकत्रित ताण नेहमीच्या सुरात सुमारे ३८ किलो भरतो, म्हणजे एवढ्या ओढाताणीच्या मधोमध तो ब्रिज तराजूच्या काट्यासारखा उभा असतो. एक तार चढवली की ब्रिज केसभर पुढे झुकतो आणि उरलेल्या पाच उतरतात. तबला लावताना एक घर चढवले की समोरच्या घराकडे पुन्हा हातोडी न्यावी लागते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. ज्याने पाहिलेले नाही तो पहिल्या दिवशी अर्धा तास खुंट्या पिळत बसतो आणि गिटार सदोष निघाली म्हणून दुकानात फोन करतो. मी तबला पाहिलेला असूनही फोन केला होता.

पहिली जुळणी मी मार्चमध्ये केली. ब्रिजच्या पट्टीचा मागचा काठ अंगापासून ३.२ मिलिमीटर वर असावा असे फेंडर कंपनीचे माप आहे, आणि माझ्याकडे तो जवळजवळ ५ मिलिमीटर उचललेला होता. मागचे झाकण काढले की स्प्रिंगा ज्या लोखंडी पट्टीला अडकवलेल्या असतात ती दिसते. तिला क्लॉ म्हणतात, आणि ती दोन लांब स्क्रूंनी लाकडात धरलेली असते. स्क्रू आवळले की स्प्रिंगा ताणल्या जातात, ब्रिज खाली येतो आणि सगळ्या तारा चढतात. येथे खरा नियम संयमाचा आहे. दोन्ही स्क्रू अर्धा अर्धा फेराच फिरवायचे, मग सहाही तारा पुन्हा सुरात आणायच्या, मगच अंतर मोजायचे. तारा सुरात नसताना घेतलेले माप काहीच सांगत नाही. मला पाच फेऱ्या लागल्या. खांबांची उंची बदलायची असेल तर मात्र तारा आधी सैल कराव्यात. ब्रिजची धार खांबाच्या खाचेत पूर्ण ताणाने रुतलेली असताना खांब फिरवला तर ती धार झिजते आणि ब्रिज पूर्वीच्या जागी परतण्याचे विसरतो.

पुढची चूक क्रमाची होती. मला तारा बोटांजवळ हव्या होत्या म्हणून मी आधी सॅडल (ब्रिजवरचे तारांचे आधार) खाली घेतले आणि ॲक्शन १.६ मिलिमीटरवर आणली, म्हणजे सतराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) माथ्यापासून तारेच्या पोटापर्यंतचे अंतर. दुसऱ्या दिवशी नेकचा, म्हणजे गिटारच्या मानेचा, बाक तपासला आणि तो सरळ केल्याबरोबर सगळ्या तारा खणखणू लागल्या. बाक आधी, ॲक्शन नंतर. बाक मोजण्यासाठी पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, शेवटचा फ्रेट दाबायचा आणि आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट पाहायची, ती ०.२५ मिलिमीटरच्या आसपास असावी. ही फट मोजायला लागणारे फीलर गेज मला स्कूटरच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळाले. टॅपेट लावायला गॅरेजवाले तेच वापरतात. दुकानदाराने गाडी कुठली म्हणून विचारले तेव्हा गिटार हे उत्तर ऐकून त्याने काही काळ माझ्याकडे पाहिले.

जूनपर्यंत सारे ठीक होते. मग पाऊस सुरू झाला. आमचे घर फोंड्याजवळ, चिऱ्यांचे आणि कौलारू. जुलैमध्ये खोलीतल्या आर्द्रतामापकाचा काटा ८५ टक्क्यांच्या खाली उतरत नाही आणि कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते. गिटारसाठी ४५ ते ५५ टक्के आर्द्रता चांगली मानतात. तीन आठवड्यांत माझ्या गिटारच्या नेकचा बाक ०.२५ वरून ०.४५ वर गेला, ॲक्शन चढली, आणि दर सकाळी पेटीतून काढली की सहाही तारा थोड्या थोड्या हललेल्या असत. मी घाबरून पणजीतल्या एका दुकानात गेलो. तेथल्या कारागिराने १,२०० रुपये घेऊन स्प्रिंगा गच्च आवळल्या, लाकडाचा तुकडा ठोकून ब्रिज बंद केला आणि आता कटकट संपली म्हणून सांगितले. एरिक क्लॅप्टन यांच्यासारखे वादक लाकडी तुकडा घालूनच वाजवतात, त्यामुळे उपाय चुकीचा म्हणता येणार नाही. पण नेकचा बाक तसाच राहिला होता, त्याला कोणी हात लावला नव्हता. घरी येऊन मी तुकडा काढला, ट्रस रॉड (नेकमधली, बाक कमीजास्त करणारी सळई) पाव फेरा आवळला, गिटार रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी पुन्हा मोजले: ०.३०. लाकडाला वेळ लागतो. एका बैठकीत ट्रस रॉड पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये हा सल्ला मी आता डोळे मिटून पाळतो.

चवथीच्या दिवसांत आमच्याकडे घुमट या चामडे मढवलेल्या मातीच्या वाद्यावर आरत्या होतात आणि त्या हवेत घुमटाचे चामडे सैल पडते म्हणून ते शेकून घेतात. तसे गिटारला शेकता येत नाही. मी पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो, आठवड्याने त्या तापवून कोरड्या करतो, आणि वाजवून झाल्यावर गिटार भिंतीवर न टांगता पेटीत बंद करतो. भिंतीवर का नाही, त्याला आणखी एक कारण आहे. स्क्रू फिरवायला सोपे जावे म्हणून मी मागचे झाकण बरेच दिवस लावलेच नव्हते. ऑगस्टमध्ये दोन आठवडे हात लागला नाही, आणि एके संध्याकाळी दांडी दाबली तर ती अर्ध्यातच अडली. पालथी करून पाहिली तेव्हा दोन स्प्रिंगांच्या मध्ये कुंभारीण माशीने मातीचे सुबक घर बांधले होते.

आता नटविषयी, कारण माझे सर्वांत जास्त दिवस त्यात गेले. आमच्या वाडीच्या कार्यक्रमात वाजवायची पेटी (हार्मोनियम) असते आणि गायक काळी एकमध्ये गातात. त्यांना साथ करताना मोकळ्या तारांचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) सापडावेत म्हणून मी गिटार अर्धा स्वर खाली लावतो. मग डीचा आकार धरला की काळी एकचा षड्ज मिळतो. परंतु अर्धा स्वर उतरवल्याने तारांचा ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो, स्प्रिंगांचे पारडे जड होते आणि तरंगता ब्रिज मागे बसतो. प्रत्येक कार्यक्रमाआधी क्लॉ सैल करणे हा धंदा मला परवडण्यासारखा नव्हता. म्हणून मी ०.०१० चा संच चढवला, जो अर्धा स्वर खाली लावला तरी ४१ किलोंच्या आसपास ताण देतो. पूर्वीच्या ३८ किलोंच्या जवळचा आकडा असल्याने क्लॉचे स्क्रू एकदाच थोडे आवळून काम भागले.

भागले खरे, पण तिसऱ्या आणि सहाव्या तारेने उपद्रव सुरू केला. दांडी दाबून सोडली की त्या चढलेल्या परतत, आणि तार ओढून मींड घेतली की उतरलेल्या. खुंटी फिरवताना नटमधून टिक् असा बारीक आवाज येई आणि ट्यूनरचा काटा एकदम पुढे उडी मारी. तार नटच्या खाचेत अडकत असल्याची ही पक्की खूण आहे. दांडी दाबल्यावर तार सैल होते आणि खाचेतून थोडी खुंटीकडे सरकते. परतताना ती अडली तर चढलेली राहते. मींड घेताना उलट घडते. खात्री करून घ्यायची असेल तर नटच्या पलीकडे, खुंटीच्या बाजूला, तार बोटाने हलकेच दाबून सोडावी. सूर जागेवर आला तर ब्रिजकडे पाहण्याचे कारण नाही.

माझा नट ०.००९ च्या संचासाठी कापलेला होता. सहावी तार ०.०४२ ऐवजी ०.०४६ झाली, फरक एक दशांश मिलिमीटरचा. पण खाचेला तो पुरतो. आधी ६बी पेन्सिलीच्या शिसाची भुकटी खाचांत घातली. तिसरी तार सुधारली, सहावी नाही. मग जुन्या सहाव्या तारेचा तुकडा करवतीसारखा धरून, खाचेच्या तळाला न लागता, फक्त दोन्ही भिंतींवर दहा बारा वेळा मागेपुढे फिरवला. तळ खोल गेला तर मोकळी तार पहिल्या फ्रेटला घासते आणि नवीन नट बसवावा लागतो, म्हणून दर तीन चार हातांनंतर तार लावून पाहत होतो. तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर खणखण आणण्यासाठी जेवढे जपून घासतात, तेवढेच जपून मला ती टाळण्यासाठी घासावे लागले. त्या दुपारनंतर टिक् आवाज आलेला नाही. खुंटीवर तारेचे पाच सहा वेढे असत, ते दोन तीनवर आणले त्याचाही उपयोग झाला असावा.

तरंगत्या ब्रिजचा एक दोष मात्र खरोखर त्याचाच आहे आणि तो मला भर मंडपात भोवला. दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात पहिली तार तुटली, तिचा ओढा नाहीसा झाला, स्प्रिंगांनी ब्रिज मागे खेचला आणि उरलेल्या पाच तारा एकदम चढल्या. पेटीवाल्या काकांनी मान वर करून पाहिले. पेटी काही माझ्यासाठी चढणार नव्हती, त्यामुळे ते गाणे मी गिटार मांडीवर ठेवून ऐकले. त्यानंतर जून ते ऑक्टोबर मी ब्रिज अंगावर टेकवूनच ठेवतो. स्प्रिंगा तारांच्या ओढ्यापेक्षा थोड्या अधिक आवळल्या की झाले. दांडी खाली दाबता येते, वर ओढता येत नाही, आणि तार तुटली तर बाकीच्या जागच्या हलत नाहीत. हा बदल करताना सॅडलही खाली जातात आणि ॲक्शन अर्ध्या मिलिमीटरने उतरते, हे लक्षात ठेवावे. कोरड्या महिन्यांत पुन्हा तरंगता करतो, कारण एखादा कॉर्ड धरून दांडीला नुसता हात लावला की त्याला जे संथ आंदोलन मिळते त्यासाठीच ही गिटार घेतली होती.

इंटोनेशनचे, म्हणजे नेकवर सगळीकडे सूर बरोबर येण्याचे, काम सोपे निघाले. बाराव्या फ्रेटवर तारेला हलका स्पर्श करून काढलेला हार्मॉनिक आणि तेथेच दाबलेला स्वर जुळवायचे. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबकी भाग) शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली २ आणि बारीक तारेखाली १.६ मिलिमीटर ठेवले आणि पुन्हा पाहिले नाहीत. दांडी आपल्या भोकात खुळखुळत असे, तिच्या आट्यांवर नळवाल्यांची टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळली. स्प्रिंगांची घरघर पिकअपमधून ऐकू येई, तेथे स्पंजचा तुकडा ठेवला.

राहिला गंज. आमच्या हवेत साध्या तारा तीन आठवड्यांत काळवंडतात, म्हणून लेप दिलेल्या महाग तारा घेतो. त्या अडीच महिने जातात. सॅडलच्या उंचीचे बारीक स्क्रू मात्र तारांसारखे बदलत नाहीत. माझ्या गिटारला १.५ मिलिमीटरची ॲलन की लागते. अमेरिकी बनावटीच्या अनेक गिटारींना ०.०५० इंचाची लागते आणि ती येथे घातली तर स्क्रूचे सहा कोन गोल होतात, हे मी पहिल्या तारेच्या सॅडलवर स्वतःच्या हाताने सिद्ध केले. वर गंजही चढला. दोनदा तेल सोडून पाहिले, हलत नाही. स्टेनलेस स्टीलच्या बारा स्क्रूंचा संच मागवला आहे. तो येईपर्यंत पाच सॅडल खाली घेतलेली आहेत आणि पहिल्या तारेचे पावसाळ्यातल्याच उंचीवर उभे आहे.