जळगाव-धुळ्यातलं एमबीए एचआर : पदवी ठीक, पगारपत्रक कच्चं

दोन वर्षं, चार सत्रं आणि शेवटी काळ्या बाइंडिंगचा एक प्रोजेक्ट. खानदेशात मनुष्यबळ व्यवस्थापन शिकायचं म्हटलं की बहुतेकांसमोर हाच रस्ता येतो : कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेतलं एमबीए आणि त्यात एचआर स्पेशलायझेशन. विद्यापीठ १९९० चं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या हद्दीत. मात्र हे परीक्षण कुठल्या एका विभागाचं किंवा महाविद्यालयाचं नाही. छोट्या शहरांत ‘एचआर’ या नावाखाली जो माल मिळतो, त्याचं आहे.

माल कसा आहे हे तो कुठे वापरायचा आहे त्यावर ठरतं. इथली नोकरी म्हणजे जळगाव एमआयडीसीतला पाइपचा किंवा चटईचा कारखाना, डाळ मिल, ठिबकचा उद्योग, धुळ्याची अवधान एमआयडीसी, नरडाणा, शिरपूरच्या गिरण्या, नवापूरचा कापड उद्योग. यांपैकी बहुतेक ठिकाणी एचआर हा वेगळा विभाग नसतोच. एक टाइम ऑफिस असतं. तिथला माणूस हजेरी घेतो, पगार काढतो, कंत्राटदाराची बिलं तपासतो आणि फॅक्टरी इन्स्पेक्टर आला की त्याच्यासमोर रजिस्टर ठेवतो. ‘टॅलेंट मॅनेजमेंट’ हा शब्द त्या खोलीत कुणी उच्चारत नाही.

आधी चांगलं काय ते सांगू. संघटन वर्तन, भरती आणि निवड, प्रशिक्षण, कामगिरी मूल्यमापन हे विषय बऱ्यापैकी शिकवले जातात. मास्लोची गरजांची उतरंड (१९४३) आणि हर्झबर्गची ‘हायजिन फॅक्टर’ची, म्हणजे असमाधान टाळणाऱ्या घटकांची मांडणी (१९५९) पाठ होतात, परीक्षेत लिहिताही येतात. प्रशिक्षणाचं मोजमाप किर्कपॅट्रिकच्या चार पायऱ्यांनी कसं करायचं, हेही येतं. १९७५ मध्ये लार्सन अँड टुब्रोत उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी एचआरडीची (मनुष्यबळ विकासाची) स्वतंत्र व्यवस्था उभी केली. ती गोष्ट नीट शिकवली गेली, तर ‘पर्सोनेल’ आणि ‘एचआर’ यांतला फरक डोक्यात पक्का बसतो. प्रेझेंटेशनचा सरावही भरपूर होतो. गावाकडून आलेल्या मुलामुलींची इंग्रजीत उभं राहून बोलायची भीती जाते, आणि ही मिळकत लहान नाही.

घोडं अडतं ते पगारपत्रकात.

साधं उदाहरण घ्या. पुरुष कामगार, मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये, दुसरा कुठलाही भत्ता नाही, महिनाभर पूर्ण हजेरी, कारखान्याला पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) दोन्ही लागू. त्याचा पीएफ १२ टक्क्यांनी १,६८० रुपये. मालकाचेही १,६८०, पण ते दोन खात्यांत फुटतात : ८.३३ टक्के, म्हणजे १,१६६ रुपये पेन्शनला आणि उरलेले ५१४ पीएफला. ईएसआय कामगाराचा ०.७५ टक्के म्हणजे १०५ रुपये, मालकाचा ३.२५ टक्के म्हणजे ४५५. व्यवसाय कर २०० रुपये. हातात पडतात १२,०१५. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० होतो, म्हणून ११,९१५. जून आणि डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधीची कपात येते, ती वेगळी.

एवढा हिशोब कॅल्क्युलेटर घेऊन दहा मिनिटांत करता आला पाहिजे. दोन वर्षं शिकूनही अनेकांना तो येत नाही, कारण वर्गात पीएफ म्हणजे ‘१९५२ चा कायदा, उद्दिष्टे, व्याप्ती, टीप लिहा’ एवढंच असतं. नेमक्या चुका कुठे होतात ते बघा. पेन्शनचे ८.३३ टक्के १५,००० च्या मर्यादेवर मोजायचे, म्हणजे जास्तीत जास्त १,२५०. नवखा माणूस २२,००० वरही ८.३३ लावतो आणि चलन जुळत नाही. महिलांना दरमहा २५,००० रुपयांपर्यंत व्यवसाय कर नाही. जुन्या एक्सेलमध्ये सूत्र तसंच राहतं आणि बायांच्या पगारातून दोनशे रुपये कापले जातात. ईएसआयची वेतनमर्यादा २१,००० आहे, पण कुणाचा पगार जुलैत वाढून २१,५०० झाला म्हणून जुलैतच कपात थांबवायची नसते. एप्रिल ते सप्टेंबर हा एक अंशदान काळ, म्हणजे वर्गणीचा सहामाही टप्पा, ऑक्टोबर ते मार्च दुसरा. चालू काळ संपेपर्यंत कपात चालूच ठेवावी लागते. हा मुद्दा मुलाखतीत हमखास विचारला जातो आणि हमखास चुकतो.

ग्रॅच्युइटीचंही तसंच. शेवटचं वेतन १८,२०० आणि नोकरी १२ वर्षं : १८,२०० ला १५ ने गुणा, २६ ने भागा, १०,५०० येतात, गुणिले १२, म्हणजे १,२६,०००. महिना तीस दिवसांचा धरून ३० ने भागलं तर १,०९,२०० येतात. एका आकड्याने कामगाराचे १६,८०० रुपये बुडतात आणि प्रकरण कामगार कार्यालयात जातं.

आकड्यांपलीकडचा घोळ नावांचा आहे. यूएएन, म्हणजे कामगाराचा पीएफचा कायमचा खाते क्रमांक, आधारशी जुळावा लागतो. खानदेशात आधारवर ‘सुमनबाई’, बँकेत ‘सुमन’ आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव, हे नेहमीचंच. जन्मतारीख कित्येकांची १ जानेवारी किंवा १ जून. नाव, जन्मतारीख आणि लिंग या तिन्हींपैकी एक जरी जुळलं नाही, तरी पुढे पैसे काढताना दावा अडकतो. म्हणून रुजू होतानाच तिन्ही कागद शेजारी ठेवून तपासायचे आणि फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करायला पाठवायचं. टाइम ऑफिसातलं निम्मं काम हेच असतं. अभ्यासक्रमात याला एक ओळही नसते, आणि असावी अशी अपेक्षा करणंही कदाचित जास्तच होईल. पण एका प्रात्यक्षिकात हे बसवता आलं असतं.

आता कायद्यांचा पेपर. केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या : वेतन (२०१९), औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा (तिन्ही २०२०). एकोणतीस जुने कायदे त्यांत सामावले. बाजारात मिळणाऱ्या नोट्स आणि झेरॉक्सच्या दुकानातले ‘गाइड’ मात्र अजून १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आणि १९४८ चा फॅक्टरी कायदा यांवरच थांबलेले दिसतात. जुने कायदे शिकणं वाया जात नाही. पन्नास-साठ वर्षांचे निवाडे त्यांच्यावरच उभे आहेत. पण पुढचे बदल माहीत नसतील, तर मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांतच माणूस उघडा पडतो. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. मुदतबंद नेमणुकीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी. नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत पूर्ण वेतनाचा हिशोब. स्थायी आदेशांची, म्हणजे कारखान्याच्या सेवा-शिस्तीच्या नियमावलीची मर्यादा ३०० कामगारांवर गेली. कल्याण अधिकारी पूर्वी ५०० कामगारांना लागायचा, आता २५० ना. ही शेवटची ओळ जागा वाढवणारी आहे; विद्यार्थ्यांनी ती विशेष लक्षात ठेवावी.

कल्याण अधिकाऱ्याचा विषय निघालाच आहे तर प्रवेशाआधी विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्नही सांगून टाकू. या पदासाठी ‘एचआर’ असं लिहिलेली कुठलीही पदवी चालेल असं नाही. राज्य सरकारने मान्य केलेली पदवी किंवा पदविका लागते. समाजकार्य (एमएसडब्ल्यू), पर्सोनेल मॅनेजमेंट (एमपीएम), कामगार अभ्यास या वाटेने आलेल्यांना तिथे परंपरेने जागा आहे. एमबीएवाल्याने आपल्या पदवीचं नेमकं नाव मान्य यादीत आहे का, ते लेखी तपासावं. ‘हो हो, चालतं’ हे काउंटरवरचं उत्तर धरून चालू नये. कारखान्यातच काम करायचं नक्की असेल, तर जळगाव, चोपडा, अमळनेरच्या समाजकार्य महाविद्यालयांकडे एकदा बघावं. तिथलं क्षेत्रकार्य, म्हणजे आठवड्यातले ठरलेले दिवस प्रत्यक्ष संस्थेत जाऊन काम करणं, एमबीएच्या एका उन्हाळी इंटर्नशिपपेक्षा जास्त खोल जातं. उलट पुण्या-नाशकात आयटी किंवा बँकेत भरतीचं काम हवं असेल, तर एमबीएच बरं. तिथे एमएसडब्ल्यू समजावून सांगत बसावं लागतं.

सगळ्यात मोठी उणीव भाषेची आहे. शिक्षण इंग्रजीत आणि कामगार बोलतो अहिराणी, तावडी, सातपुड्याच्या बाजूला पावरी किंवा भिली. सूचना फलकावरची नोटीस, कारणे दाखवा पत्र, आरोपपत्र हे सगळं त्याला कळेल अशा भाषेत हवं. नाहीतर खातेनिहाय चौकशी पुढे पायावरच कोसळते. आरोपपत्रात ‘आपण गैरवर्तन केले’ एवढं लिहून भागत नाही. तारीख, पाळी, वेळ, जागा, नेमकं कृत्य आणि स्थायी आदेशांतलं कलम, सगळं यावं लागतं. उत्तराला मुदत द्यायची. ज्याने आरोपपत्रावर सही केली किंवा जो साक्षीदार आहे, त्याला चौकशी अधिकारी नेमायचं नाही. छोट्या कारखान्यात मॅनेजर हे तिन्ही रोल एकटाच करतो, आणि प्रकरणं तिथेच हरतात. निलंबन असेल तर पहिले ९० दिवस ५० टक्के निर्वाह भत्ता, पुढे, विलंब कामगारामुळे झालेला नसेल तर, ७५ टक्के. ही प्रक्रिया दोन तासांच्या नाटिकेत शिकवता येते : एक कामगार, एक व्यवस्थापनाचा प्रतिनिधी, एक चौकशी अधिकारी आणि फळ्यावर मराठी आरोपपत्र. जिथे हे करून घेतात, तिथे प्रवेश घ्यायला हरकत नाही.

प्रोजेक्टबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. ‘कर्मचाऱ्यांच्या समाधानाचा अभ्यास’, पन्नास जणांची प्रश्नावली, पाच पर्यायांची मोजपट्टी, पंधरा रंगीत पाय-चार्ट, आणि शेवटी ‘बहुसंख्य कर्मचारी समाधानी आहेत’. सुपरवायझर समोर उभा असताना भरलेला फॉर्म दुसरं काय सांगणार? खानदेशात विषयांचा तोटा नाही. कापूस वेचणी सुरू झाली की ऑक्टोबर ते डिसेंबर कंत्राटी कामगार पाळीवर येत नाहीत, कारण वेचणीत किलोमागे रोख पैसे मिळतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि सातपुड्यात होळीला आठ-आठ दिवस हजेरी पडते. तीन वर्षांचं मस्टर घ्या, महिन्यागणिक गैरहजेरी काढा, वाया गेलेले मनुष्यदिवस एकूण ठरलेल्या मनुष्यदिवसांनी भागून टक्केवारी मांडा, कायम आणि कंत्राटी वेगळे दाखवा, सणांची आणि वेचणीची तारीख खाली लिहा. कारखाना नावं द्यायला तयार नसेल तर टोकन नंबरही खोडून मागा, आकडे पुरतात. असा प्रोजेक्ट मुलाखतीत पुढे सरकवला की समोरचा माणूस खुर्चीत पुढे येऊन वाचतो.

इंटर्नशिपसाठी मोठ्या नावामागे धावू नये. मोठ्या कंपनीत दोन महिने फाइली लावायला आणि चहा-बिस्किटांच्या मीटिंगला बसायला मिळतं. शंभर ते तीनशे कामगारांचा कारखाना पकडावा. पहिला आठवडा नुसती हजेरी आणि पाळ्यांची अदलाबदल. महिनाअखेरीला पगाराच्या तीन-चार दिवसांत टाइम ऑफिस सोडायचंच नाही. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेआधी पीएफ आणि ईएसआयचं चलन कसं भरतात ते बघायचं. उशीर झाला तर पीएफवर वर्षाला १२ टक्के व्याज आणि वर दंड बसतो. मधल्या दिवसांत कंत्राटदाराचं बिल घ्यायचं आणि त्याच्या मजुरांची नावं पीएफच्या यादीत खरंच आहेत का, ते एकेक करून जुळवायचं. न भरलेल्या वर्गणीचा तगादा शेवटी मूळ मालकाकडेच येतो, हे त्या एका दुपारी जेवढं कळतं, तेवढं सत्रभराच्या टीपांत कळत नाही.

प्रवेशाचं थोडक्यात. सीईटीत दोनशे प्रश्न, अडीच तास आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडू नका. पदवीला खुल्या गटात ५० टक्के, राखीव गटाला ४५. जात पडताळणी आणि नॉन-क्रीमीलेअरचे कागद निकालानंतर नव्हे, फॉर्म भरण्याआधीच हातात हवेत. २०२४-२५ पासून कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला तरच. ‘आत्ताच भरून टाका, जागा संपतील’ म्हणून संस्था स्तरावर प्रवेश घेतला की ही सवलत गेली. विकास शुल्क, बस, वसतिगृह यांचा हिशोब वेगळा मागा.

आमचे गुण पाचपैकी तीन. सिद्धांताला चार, कायद्याला अडीच, पगारपत्रकाला एक. यातला पगारपत्रकाचा एक गुण घरबसल्या तीन करता येतो : वरच्या उदाहरणासारखे वीस कामगार एक्सेलमध्ये मांडा, त्यांत दोन महिला, एक मुदतबंद, एक महिन्याच्या मधेच रुजू झालेला, एक २१,००० ची मर्यादा ओलांडणारा आणि तिघे आखाजीला गैरहजर ठेवा, आणि बारा महिन्यांचा पगार काढा.

आणि प्रवेशाच्या दिवशी काउंटरवर एक गोष्ट विचाराच : दुसऱ्या वर्षी एचआर घेणारे किमान किती विद्यार्थी जमले तर वर्ग चालतो? काही ठिकाणी संख्या भरली नाही की एचआरची पोरं मार्केटिंगच्या वर्गात बसवतात, आणि हे कळतं तेव्हा पहिल्या वर्षाची फी भरून झालेली असते.