बिली द किडचा टी-शर्ट: तडे छापलेला घ्यावा की तडे जाऊ द्यावेत?

माझ्या कपाटात दोन काळे टी-शर्ट आहेत. दोन्हींवर बिली द किड, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला अमेरिकेचा कुप्रसिद्ध बंदूकबाज गुन्हेगार, दोन्हींवर जाड ठोकळेबाज अक्षरांत ‘वॉन्टेड’. एक साडेसहाशेला घेतला, दुसरा तेराशेला. तीन वर्षं दोन्ही आलटून पालटून घातलेत, एकाच बादलीत धुतलेत. तुम्ही असाच जुन्या धाटणीचा, बंडखोर वळणाचा टी-शर्ट घ्यायच्या विचारात असाल, तर त्या दोघांचं काय झालं ते आधी वाचा.

साडेसहाशेचा दुकानातच म्हातारा होता. छपाईत तडे, कडा खरवडलेल्या, काळा रंग धुऊन धुऊन राखाडी झाल्यासारखा. पहिल्या नजरेत मी भुललो. त्याची छपाई डीटीएफ आहे, म्हणजे चित्र आधी फिल्मवर छापायचं, त्यावर गोंदाची पावडर वितळवायची आणि मग हीट प्रेसखाली कापडावर दाबायचं. तडे त्या चित्राचाच भाग. दुकानात त्याच रॅकवरचे दोन नग शेजारी ठेवले असते तर लगेच कळलं असतं: दोन्हींवर टोपीच्या डाव्या कडेला तोच तडा, तेवढ्याच लांबीचा, त्याच वळणाचा. अंगावर जुना होणारा कपडा असा कधीच दुसऱ्याशी जुळत नाही.

मे महिन्यात त्याचा खरा त्रास सुरू झाला. छातीवरचा तो अख्खा चौकोन म्हणजे एक पातळ पापुद्रा, त्यातून वारा जात नाही. ठाण्याहून दादरपर्यंत लोकलमध्ये उभं राहिलं की बाकी टी-शर्ट कोरडा आणि पोस्टरच्या मागे घामाची आंघोळ. दुसऱ्या पावसाळ्यात टोपीचा कोपरा सुटला. आता तो नखाने उचलता येतो.

तेराशेचा आणला तेव्हा अगदी साधा दिसत होता. गडद काळा, चित्र स्वच्छ, जुनेपणाचा मागमूस नाही. पण छपाई स्क्रीनची, म्हणजे जाळीतून शाई कापडावर उतरवलेली, तीही प्लास्टिसॉल या प्लास्टिकयुक्त शाईची, आणि चेहरा हाफटोनमध्ये, म्हणजे बारीक बारीक ठिपक्यांत उतरवलेला. ठिपक्यांच्या मधलं कापड मोकळं राहतं, म्हणून तो अंगाला चिकटत नाही. प्लास्टिसॉलची एक अट असते: साधारण १६० अंश सेल्सिअसची उष्णता शाईच्या पूर्ण थराला मिळाली पाहिजे. कारागिराने घाई केली की शाई वरून सुकलेली दिसते, आत कच्चीच राहते, आणि दोन-चार धुण्यांत भुगा होऊन निघते. म्हणून दुकानात छपाई दोन अंगठ्यांमध्ये धरून हलकेच ताणून बघा. पक्की शाई कापडाबरोबर ताणली जाते आणि परत जागेवर येते. कच्ची तिथल्या तिथे फाटते.

ज्यांना फार घाम येतो त्यांनी डिस्चार्ज प्रिंट विचारावी. यात शाई वर बसत नाही, कापडाचा मूळ रंगच उडवून त्या जागी नवा रंग भरला जातो. हात फिरवला तर छपाई आहे हेही कळत नाही. तिला तडे जात नाहीत, ती फक्त विरत जाते. मात्र कापड शुद्ध सुती हवं, पॉलिएस्टर मिसळलेलं असेल तर रंग नीट उडत नाही. आणि पहिल्यांदा घालण्याआधी एकदा धुवा, रसायनाचा वास राहिलेला असतो.

कापडाचं थोडक्यात: रोजच्या वापराला १८० जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), सैल ओव्हरसाइझ हवा असेल तर २२० ते २४०. जाड कापड खांद्यावरून छान पडतं, पण पावसात दोन दिवस वाळत नाही.

तिसरा पर्याय खऱ्या जुन्या अमेरिकन टी-शर्टचा. बाहीच्या दुमडीवर शिलाईची एकच रेघ, म्हणजे सिंगल स्टिच, दिसली तर तो बहुधा नव्वदच्या दशकाच्या मध्याआधीचा, असं मानतात. पण आता नव्या मालातही मुद्दाम तशी शिलाई घालतात, त्यामुळे एवढ्याच खुणेवर मोठी रक्कम मोजू नका. संग्रहाची आवड असेल तर जरूर घ्या. रोज वापरायला हा नको, काखेत विरलेलं सूत पहिल्याच जोरात जातं.

आता चित्राबद्दल, कारण माझ्या लेखी निम्मा निर्णय तिथे आहे. बिलीचा तो प्रसिद्ध फोटो, चुरगळलेली टोपी आणि बाजूला विंचेस्टर रायफल, न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरला साधारण १८७९-८० मध्ये काढलेला. टिनटाइप, म्हणजे लोखंडाच्या पातळ पत्र्यावर उमटवलेला, जेमतेम दोन बाय तीन इंचांचा. २०११ मध्ये डेन्व्हरच्या लिलावात त्याला २३ लाख डॉलर मिळाले. टिनटाइपमध्ये प्रतिमा आरशासारखी उलटी येते, त्यामुळे पिस्तूल डाव्या कमरेला दिसतं आणि कितीतरी वर्षं बिली डावखुरा होता असा समज राहिला. घोळ पकडून दिला रायफलने: विंचेस्टर १८७३ मध्ये काडतूस भरायची खिडकी उजव्या बाजूला असते, फोटोत ती डावीकडे आहे. माझ्या साडेसहाशेच्या टी-शर्टवर पिस्तूल डाव्या कमरेला आहे, तेराशेच्यावर उजव्या. ज्याने चित्र सरळ करून घेतलं त्याने विषयाला वेळ दिला, आणि तोच काटेकोरपणा मला पुढे शिलाईतही दिसला.

या माणसाच्या डोक्यावर ५०० डॉलरचं बक्षीस होतं. त्याने माणसं मारली होती, आणि १४ जुलै १८८१ ला शेरिफ पॅट गॅरेटच्या गोळीने तो गेला तेव्हा तो जेमतेम एकवीस वर्षांचा होता. छातीवर कोण आहे हे ठाऊक असून घालावं, असं मला मनापासून वाटतं.

एका चित्राबाबत मात्र सावध करतो. बायकर धाटणीच्या टी-शर्टवर पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात ‘१%’ लिहिलेलं असतं. अमेरिकेतल्या आउटलॉ, म्हणजे कायदा न जुमानणाऱ्या, मोटारसायकल क्लबांची ती खरी खूण आहे, नुसती नक्षी नाही. तिकडे राहणाऱ्या भाच्याला भेट पाठवायची असेल तर हे डिझाइन टाळा.

माझं मत तेराशेच्या बाजूने आहे, आणि एकदाच कुठे लग्नाच्या आदल्या रात्री किंवा ट्रिपला मिरवायचा असेल तरच साडेसहाशेच्या. धुताना उलटा करा, गार पाणी वापरा, सावलीत वाळवा, छपाईवर इस्त्री फिरवू नका.

यंदा दिवाळीच्या सुमारास तेराशेच्यावर पहिला तडा गेला. रायफलच्या दस्त्यावरून तिरका, पोटाच्या घडीपाशी, खुर्चीत बसलो की कापड जिथे दुमडतं बरोबर तिथे.