जुन्या पल्सरला बायब्रेचा कॅलिपर: पैसे वसूल, पण...

गाडी 2007 ची पल्सर 150, सायनच्या सिग्नलला पुढे बस थांबली की माझा जीव घशात यायचा, म्हणून शेवटी पुढचा कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) बदलून बायब्रेचा दोन पिस्टनवाला टाकला. बायब्रे म्हणजे ब्रेम्बो या इटालियन ब्रेक कंपनीचाच छोट्या गाड्यांसाठीचा ब्रँड. माल कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर घेतला, ब्रॅकेट मात्र लेथवाल्याकडून बनवून घ्यावा लागला कारण होल जुळतच नाहीत.

पहिल्या दिवशी लिव्हर पार ग्रिपला टेकत होता राव! मेकॅनिक म्हणे ब्रेकच्या पाइपात हवा आहे, दोनदा ब्लीड केलं (हवा काढली) तरी तेच, मग कळलं की पिस्टन मोठे झाले आणि मास्टर सिलेंडर (लिव्हर दाबला की ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) जुनाच, तो पुरेसं ऑइल ढकलणार कुठून. हे त्याने आधी सांगायला नको का? मास्टर सिलेंडर बदलला, नवीन डॉट 4 ब्रेक ऑइल भरलं (जुनं काळं पडलेलं, आपल्याकडची दमट हवा, ते पाणी ओढतंच) आणि आता दोन बोटांत गाडी थांबते. पॅड डिस्कवर नीट घासून बसेपर्यंत पहिले शे-दोनशे किलोमीटर जरा जपून चालवा, आणि पावसात पुढचा ब्रेक एकदम दाबू नका, टायर जुनाच आहे ना.