ऑनलाइन फॉसिल किट: दगड चांगले, कार्ड फेकून द्या

पुतण्याला डायनोसॉरचं वेड आहे म्हणून वाढदिवसाला हे किट मागवलं. खण पाडलेला डबा, प्रत्येक खणात एक फॉसिल (जीवाश्म), सोबत प्लास्टिकचं भिंग आणि माहितीचं कार्ड. किंमत दीड हजाराच्या आसपास. ब्रँडचं नाव घेत नाही, असे डबे बरेच जण विकतात आणि आतला माल साधारण सारखाच दिसतो.

आधी चांगलं सांगतो. अमोनाइट, म्हणजे समुद्रातल्या एका नामशेष प्राण्याचा गुंडाळीदार शंख, एक नंबर! मादागास्करचा आहे, मधोमध कापून पॉलिश केलेला, आतले कप्पे एकदम स्पष्ट, काहींमध्ये कॅल्साइटचे बारीक स्फटिक चमकतात आणि भिंगाने बघितलं की कप्प्यांमधल्या भिंती किती नाजूक होत्या ते कळतं. प्राणी राहायचा फक्त सगळ्यात बाहेरच्या कप्प्यात, मागचे सगळे तरंगण्यासाठी. आईने हातात घेतला आणि म्हणाली, "अरे हा तर शाळिग्राम!" आणि बरोबरच आहे की, नेपाळच्या काली गंडकीतल्या शाळिग्रामांवर जे चक्र दिसतं ते अमोनाइटचंच असतं. शार्कचा दात पण खरा वाटतो, मोरोक्कोचा, फक्त मुळाकडे डिंक लावून डागडुजी केलेली दिसते, तेवढं चालतं.

आता ट्रायलोबाइट, म्हणजे कवचवाला, किड्यासारखा दिसणारा जुना समुद्री प्राणी. हा सरळ सरळ साच्यात ओतलेला नकली आहे राव. भिंगाखाली पाठीवर बारीक गोल भोकं दिसतात, रेझिन ओतताना राहिलेले हवेचे बुडबुडे ते. तरी खात्री करायला खालच्या बाजूला गरम सुई टोचली तर प्लास्टिक जळाल्याचा वास आला. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर काय तर "सर, प्रॉडक्ट 100 टक्के नॅचरल आहे". अंबर, म्हणजे झाडाचा दगड झालेला डिंक, त्याचंही तेच. नेलपॉलिश रिमूव्हरचा थेंब टाकला तर लगेच चिकट झालं, म्हणजे हा कोपल, खूपच अलीकडचा डिंक. खरं अंबर असं चिकट होत नाही.

पण माझा खरा राग कार्डावर आहे. वर मोठ्या अक्षरात "डायनोसॉरच्या जगातले खजिने" आणि खाली सगळं एकत्र. अहो, ट्रायलोबाइट 25 कोटी वर्षांपूर्वीच संपले, डायनोसॉर आले त्यानंतर, साधारण 23 कोटींच्या आसपास. आणि मोरोक्कोच्या फॉस्फेट खाणीतले असे दात बहुतेक डायनोसॉर संपल्यानंतरचे, म्हणजे 6.6 कोटींच्या अलीकडचे. या डब्यात डायनोसॉरच्या काळातला म्हणावा असा फक्त अमोनाइट. पुतण्या आता सगळ्यांना सांगत सुटलाय की टी-रेक्स ट्रायलोबाइट खायचा, निस्तरा आता.

मागच्या बाजूला ते नेहमीचं चित्र, माकडापासून माणसापर्यंतची रांग. त्यावरून जेवणाच्या ताटावर जुंपली. भाऊजींचा ठरलेला प्रश्न, "माकडापासून माणूस झाला तर माकडं अजून कशी आहेत?" त्यांना समजावलं की चिंपांझी आपले आजोबा नाहीत, चुलतभाऊ आहेत, दोघांचा पूर्वज एकच, तो साधारण 60-70 लाख वर्षांपूर्वीचा, आणि चुलतभाऊ अजून जिवंत आहे यात काही आश्चर्य नाही. पटलं नाही त्यांना, पण भाजी वाढून घेतली. मुलांच्या किटवर ही रांग छापायचीच कशाला, फांद्या फुटलेलं झाड काढायला काय जास्त शाई लागते?

एका खणात कोप्रोलाइट आहे, म्हणजे दगड झालेली विष्ठा. पोरं त्यावरच सगळ्यात जास्त हसली. ती नक्की कोणत्या प्राण्याची, कुठली, कार्डावर एक शब्द नाही, आणि मग शास्त्राच्या दृष्टीने तिला काय किंमत? आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा आहे, तिथल्या डायनोसॉरच्या काळातल्या कोप्रोलाइटमध्ये गवताच्या पेशींचे सूक्ष्म सिलिका कण सापडले आणि 2005 मध्ये ते प्रसिद्ध झाले. तोपर्यंत डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतंच असं धरून चालायचे. जागा माहीत होती म्हणून हे कळलं. एवढं दोन ओळींत छापलं असतं तरी किटचं सोनं झालं असतं.

पॅकिंग मजबूत, डिलिव्हरी वेळेत, भिंग टाकाऊ, घड्याळवाल्यांचं भिंग वेगळं घ्या. पाचपैकी अडीच स्टार, त्यातले दोन एकट्या अमोनाइटचे. तेवढाच हवा असेल तर तो सुटा पण मिळतो, अख्खा डबा घ्यायची गरज नाही.