काल्पनिक धर्मयोद्ध्यांसाठी नमुना कोणता: टेम्पलर की हॉस्पिटलर?

ख्रिस्ती कल्पितविश्वात धर्मयोद्ध्यांचा संघ उभा करू पाहणाऱ्या लेखकापुढे इतिहासातील दोन ठळक नमुने असतात: टेम्पलर आणि हॉस्पिटलर, म्हणजे मध्ययुगातील ख्रिस्ती लढवय्या धर्मव्रतींचे दोन संघ. टेम्पलर संघ ११२० च्या सुमारास यात्रेकरूंच्या संरक्षणासाठी जेरुसलेममध्ये स्थापन झाला. त्याची संपत्ती, १३०७ मध्ये फ्रान्सच्या राजाने त्याच्या सदस्यांविरुद्ध चालवलेले अटकसत्र आणि १३१२ मधील विसर्जन यांमुळे शोकांतिकेचा आराखडा आयताच मिळतो, म्हणून बहुतेक लेखक तिकडेच वळतात.

मला मात्र हॉस्पिटलर अधिक समृद्ध वाटतात. १११३ मध्ये पोपची मान्यता मिळालेला हा संघ मुळात जेरुसलेममधील रुग्णालय चालवत होता आणि शस्त्रे त्याने नंतर हाती घेतली. तरीही रुग्णांना ‘आपले स्वामी’ मानण्याची त्याची परंपरा टिकली. सकाळी जखमा धुणाऱ्या हातांनीच दुपारी तलवार उचलायची, हा पेच पात्रांना जी खोली देतो, ती केवळ टेम्पलरांच्या गुप्त खजिन्यांच्या कथांतून येत नाही. शिवाय जेरुसलेम गमावल्यावरही हा संघ भूमध्य समुद्रातील बेटांवर, आधी ऱ्होड्स आणि १५३० पासून माल्टा येथे, नव्याने उभा राहिला, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांच्या दीर्घ कथामालिकेला तोच अधिक पेलतो. एकाच कादंबरीत संपणाऱ्या विश्वासघाताच्या कथेसाठी टेम्पलर पुरेसे आहेत.