डाऊन सिंड्रोमच्या मुलांसाठी ‘अँटिऑक्सिडंट कोर्स’: पुण्यात पालकांना कसं गंडवलं जातंय

कोथरूड, सिंहगड रस्ता, हडपसर, चिंचवड. जागा बदलते, पद्धत बदलत नाही. थेरपी सेंटरच्या बाहेर बाकावर बसलेल्या आईशी कुणीतरी ओळख काढतं. “ताई, आमच्या भाच्याला खूप फरक पडला” एवढंच सांगतं आणि नंबर घेतं. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोटो येतात, आधीचा आणि नंतरचा. मग रविवारी एखाद्या हॉलमध्ये ‘मोफत मार्गदर्शन शिबिर’ असतं. तिथे पांढऱ्या कोटातल्या माणसाच्या नावापुढे ‘वेलनेस कन्सल्टंट’ असं लिहिलेलं असतं. मुलाच्या हातात लॅपटॉपला जोडलेली धातूची दांडी देतात आणि मिनिटभरात पानंच्या पानं भरतील एवढा रिपोर्ट छापून निघतो. ‘सेलेनियम कमी, झिंक कमी, मेंदूत विषारी द्रव्यं जास्त.’ रक्ताचा थेंबही न घेता सेलेनियम मोजणारं असं कोणतंही यंत्र नाही. हा रिपोर्ट हातात पडला की तिथूनच उठावं.

बरेच पालक उठत नाहीत, आणि त्याचं कारण समजून घ्यायला हवं. पुढच्या स्लाइडवर जे दाखवतात ते अर्धं खरं असतं. डाऊन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जादा असते, हे १९५९ मध्ये पॅरिसमध्ये जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. त्याच गुणसूत्रावर एसओडी-१ नावाचं जनुक आहे. दोनऐवजी तीन प्रती असल्यामुळे त्याचं एन्झाइम साधारण दीडपट तयार होतं, हायड्रोजन पेरॉक्साइड जास्त बनतं आणि पेशींवर ऑक्सिडेशनचा, म्हणजे पेशींना हळूहळू इजा करणाऱ्या रासायनिक प्रक्रियेचा, ताण येतो. इथपर्यंत सगळं पुस्तकात सापडतं. म्हणूनच बारावी सायन्स झालेल्या, गूगल करून आलेल्या आईवडिलांनाही ते पटतं. त्यानंतर कन्सल्टंट एकच वाक्य जोडतो, “म्हणून बाहेरून अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडेशन रोखणारे घटक, दिले की मेंदू सुधारतो.” फसवणूक आहे ती या एका ‘म्हणून’मध्ये.

कारण हा ‘म्हणून’ खरा आहे का, ते तपासून झालेलं आहे. ब्रिटनमध्ये सात महिन्यांखालच्या, डाऊन सिंड्रोम असलेल्या १५६ बाळांवर चाचणी झाली. तिचे निकाल २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. रोज सेलेनियम १० मायक्रोग्रॅम, झिंक ५ मिलिग्रॅम, व्हिटॅमिन ए ०.९ मिलिग्रॅम, व्हिटॅमिन ई १०० मिलिग्रॅम आणि व्हिटॅमिन सी ५० मिलिग्रॅम, म्हणजे या कोर्सच्या डब्यांवर जी नावं असतात नेमकी तीच. काही बाळांना फोलिनिक अ‍ॅसिड, काहींना दोन्ही, काहींना नुसती निष्क्रिय पावडर. हे १८ महिने चाललं. बाळांच्या विकासात फरक नाही, आणि ज्या ऑक्सिडेशनसाठी हा सगळा खटाटोप, त्याच्या प्रयोगशाळेतल्या मोजमापांतही फरक नाही. मोठ्यांचंही तेच. स्मृतिभ्रंश सुरू झालेल्या प्रौढांना दोन वर्षं व्हिटॅमिन ई, सी आणि अल्फा लिपोइक अ‍ॅसिड देऊन पाहिलं (२०११), पन्नाशीपुढच्यांना तीन वर्षं रोज २,००० युनिट व्हिटॅमिन ई देऊन पाहिलं. उपयोग दिसला नाही.

विक्रेते हे सांगत नाहीत. ते १९८१ चा अमेरिकन अभ्यास दाखवतात. त्यात १६ मतिमंद मुलांना भरमसाट जीवनसत्त्वं देऊन बुद्ध्यंक वाढल्याचा दावा होता, आणि त्यातली डाऊन सिंड्रोमची मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. त्यानंतर इतरांनी नीट तुलनात्मक चाचण्या केल्या, त्यात तो फायदा कुणालाच सापडला नाही. ४० वर्षांहून जुना, कधीच टिकला नाही असा कागद आजही प्रोजेक्टरवर दिसतो.

अलीकडे ग्रीन टीच्या कॅप्सूल निघाल्या आहेत. त्यामागेही खरा अभ्यास आहे. २०१६ मध्ये बार्सिलोनात १६ ते ३४ वर्षांच्या तरुणांना ग्रीन टीतला ईजीसीजी हा घटक दिला, सोबत नियमित बौद्धिक प्रशिक्षण दिलं, आणि काही चाचण्यांत थोडा फायदा दिसला. यावरून चार वर्षांच्या मुलाला बाजारातली कॅप्सूल द्यावी हे कुठल्याही वाटेने निघत नाही. ग्रीन टीच्या तीव्र अर्काने, विशेषतः उपाशीपोटी घेतल्यास, यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत.

आता डब्याकडे वळू. सिंहगड रस्त्यावरच्या एका घरातलं हे उदाहरण आहे. मुलगा साडेचार वर्षांचा. कोर्समध्ये पावडर, सिरप आणि कॉड लिव्हर ऑइल. पावडरच्या लेबलवर एका स्कूपला व्हिटॅमिन ए २,५०० आययू (आंतरराष्ट्रीय युनिट), दिवसाला दोन स्कूप. तेलाच्या कॅप्सूलमध्ये आणखी १,०००. एकूण ६,००० आययू. आययूला ०.३ ने गुणलं की रेटिनॉलचे, म्हणजे तयार व्हिटॅमिन एचे, मायक्रोग्रॅम मिळतात, म्हणजे १,८००. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी रोजची वरची मर्यादा ९०० मायक्रोग्रॅम धरतात. म्हणजे बरोबर दुप्पट, आणि सिरप अजून मोजलंच नाही. पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात दोन लाख युनिटचा डोस मिळतो, तोही त्या कन्सल्टंटने विचारला नव्हता. व्हिटॅमिन ए लघवीवाटे निघून जात नाही, ते यकृतात साठतं. त्वचा कोरडी पडून सोलते, केस गळतात, डोकं दुखतं, उलट्या होतात. आईने हे कळवलं तेव्हा उत्तर आलं, “वहिनी, शरीर डिटॉक्स होतंय, चांगलं लक्षण आहे. थांबवू नका.” हे उत्तर ठरलेलं असतं, कारण त्याने प्रत्येक दुष्परिणाम प्रगती म्हणून खपवता येतो.

याच घरातली दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. मुलाला थायरॉइडची गोळी चालू होती. सकाळी ती कुस्करून त्याच दुधात घालायचे, ज्यात पावडर कालवलेली. पावडरमध्ये कॅल्शियम आणि लोह. ही दोन्ही गोळीतल्या थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात आणि गोळी अंगी लागत नाही. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यातून द्यायची, त्यानंतर अर्धा ते एक तास काही द्यायचं नाही, आणि कॅल्शियम किंवा लोह असलेलं काहीही चार तासांनी. रक्तातला टीएसएच (थायरॉइड कमी पडला की वाढणारं संप्रेरक) वाढलेला आला तेव्हा डॉक्टरांनी डोस वाढवायच्या आधी “गोळी कशातून देता?” हे विचारलं, म्हणून उलगडा झाला.

याच्या उलटही घडतं. ‘केस आणि मेंदूसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व ५ ते १० मिलिग्रॅम असतं. अनेक लॅबच्या थायरॉइड तपासणीच्या पद्धतीत बायोटिन ढवळाढवळ करतं. टीएसएच खोटा कमी आणि टी-४ (थायरॉइडचं संप्रेरक) खोटा जास्त दिसतो. ज्या मुलाचा थायरॉइड खरोखर मंद आहे, त्याचा रिपोर्ट बरा दिसू शकतो. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइड बिघडणं इतकं नेहमीचं आहे की जन्मतः, सहाव्या महिन्यात, वर्षाचं झाल्यावर आणि पुढे दरवर्षी टीएसएच पाहायचा असतो. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा, आणि लॅबवाल्यांना व डॉक्टरांना ते चालू होतं हे सांगा.

इतर घटकांचं थोडक्यात. झिंक दीर्घकाळ जास्त दिलं तर शरीरातलं तांबं घटतं आणि त्यातून रक्तक्षय होतो. सेलेनियम जास्त झालं की नखं ठिसूळ होतात आणि श्वासाला लसणासारखा वास येतो. बी-६ चे मोठे डोस महिनोन्‌महिने दिले तर हातापायांच्या नसा बिघडतात. साठ हजार युनिटचं व्हिटॅमिन डीचं पाकीट आठवड्याचं असतं. ते चुकून रोज दिलं तर कॅल्शियम चढतं, उलट्या, बद्धकोष्ठता आणि सतत तहान सुरू होते.

‘आमच्या मुलात फरक पडला’ म्हणणारे पालक बहुतेक वेळा खोटं बोलत नसतात. डाऊन सिंड्रोमची मुलं साधारण दोन वर्षांच्या आसपास चालू लागतात, काही त्याआधी, काही चार वर्षांपर्यंत. दीड वर्षाच्या बाळाला पावडर सुरू केली आणि दुसऱ्या वाढदिवसाला ते चाललं, की श्रेय डब्याला जातं. मधल्या काळात फिजिओथेरपी झालेली असते, कधी कानातलं पाणी काढलेलं असतं, कधी थायरॉइडची गोळी सुरू झालेली असते. तेवढं व्हिडिओत येत नाही.

नातवासाठी आलेल्या आजीआजोबांनाही ‘दीर्घायुष्य’ पॅक गळ्यात मारतात. आजोबा सिगारेट-विडी ओढत असतील तर बीटा कॅरोटीनच्या गोळ्या अजिबात नकोत. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांपैकी निम्म्यांना रोज २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तर त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला (१९९४). अमेरिकेतली अशीच चाचणी १९९६ मध्ये मध्येच थांबवावी लागली. रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेतलेल्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त दिसला (२०११). गाजर खाण्याशी याचा काही संबंध नाही, ते खुशाल खावं.

जीवनसत्त्वं द्यायचीच नाहीत असं कुणी म्हणत नाही. शाकाहारी घरात बी-१२ कमी असतं, डी कमी असतं, सीलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडं बिघडण्याचा आजार) असेल तर बरंच काही कमी असतं. ते रक्तातून तपासून, ठरावीक दिवस, साध्या औषधाने भरून काढतात आणि पुन्हा तपासतात. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. या मुलांच्या तांबड्या पेशी मुळातच आकाराने मोठ्या असतात, त्यामुळे लोहाची कमतरता नुसत्या सीबीसीत लपून राहू शकते. लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिन तपासणी सांगून करून घ्या.

पैशाचा खरा तोटा इथे होतो. तीन महिन्यांच्या कोर्सचे १८,००० रुपये हप्त्यांनी भरणाऱ्या घरात ऐकण्याची तपासणी झालेली नसते, डोळे दाखवलेले नसतात, चार वर्षांच्या आत करायचा, झोपेत श्वास अडतो का ते पाहणारा झोपेचा अभ्यास झालेला नसतो, आणि परवडत नाही म्हणून स्पीच थेरपी बंद केलेली असते. टीएसएच तर काहीशे रुपयांत होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोमचा समावेश आहे आणि १८ वर्षांपर्यंत त्याचा लाभ मिळतो. औंधच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं विमा संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो.

विकत घ्यायच्या आधी लेबल पाहा. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक १४ अंकी असतो आणि तो फॉस्कॉस पोर्टलवर तपासता येतो. पण परवाना आहे याचा अर्थ औषध म्हणून मान्यता आहे असा होत नाही. त्याच डब्यावर ‘हेल्थ सप्लिमेंट’ आणि ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ छापणं बंधनकारक आहे. हॉलमध्ये ‘मेंदू सुधारतो’ म्हणणारा माणूस डब्यावर तसं छापू शकत नाही. म्हणूनच तो सगळं तोंडी सांगतो. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर साधा प्रश्न टाका, “यामुळे बोलणं सुधारेल का, किती दिवसांत?” उत्तर आलं तर स्क्रीनशॉट ठेवा. तक्रारीत सगळ्यात उपयोगी पडतो तो हाच. नावापुढे ‘डॉक्टर’ असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत नोंदणी क्रमांक पाहा.

सवलतीसाठी ‘आयडी काढा’, म्हणजे कंपनीचे वितरक म्हणून नाव नोंदवा, असा आग्रह होतो, तो मान्य करू नका. आयडी काढला की पावती वितरकाच्या नावाने निघते, आणि पुढे भांडण झालं तर ‘हे ग्राहक नाहीत, विकायला माल घेतला होता’ असं म्हणायला त्यांना वाट मिळते. पावती मुलाच्या आईच्या किंवा वडिलांच्या नावाने, बॅच नंबर आणि जीएसटी क्रमांकासह घ्या. पैसे एखाद्याच्या खासगी यूपीआयवर मागितले तर देऊ नका.

फसवणूक झालीच असेल तर डबे फेकू नका. निदान एक डबा सील न तोडता, बॅच नंबर दिसेल असा ठेवा. अन्न व औषध प्रशासनाला (टोल फ्री १८००-२२२-३६५) माल आणि जाहिरात दोन्हींबद्दल कळवा; अन्न सुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. परताव्यासाठी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. ऑनलाइन पैसे घेऊन माणूसच गायब झाला असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. मुलाने कोर्स घेतलेला असेल तर सगळे डबे पिशवीत घालून बालरोगतज्ज्ञांकडे न्या. किती दिवस, किती स्कूप हे कागदावर लिहून न्या. कॅल्शियम, यकृताच्या तपासण्या आणि टीएसएच कधी करायचं ते डॉक्टर त्यावरून ठरवतील.