बिडाची दहा नंबर खिमा मशीन : अर्ध्या किलोत सहा जणांचं जेवण बसतं का?

बसतं. पण त्यासाठी मटण अख्खं आणून घरी दळावं लागतं, आणि मशीन नीट निवडावी लागते. तालुक्याच्या भांड्यांच्या दुकानांत आणि मोठ्या आठवडी बाजारात हाताने फिरवायच्या खिमा मशीन तीन जातींच्या दिसतात: कलई केलेल्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या), अॅल्युमिनियमच्या आणि खाली फरशीला चिकटून बसणारा रबराचा चोखा असलेल्या प्लास्टिकच्या. खेड्यातल्या पाच-सात माणसांच्या घरासाठी यातली बिडाची दहा नंबरच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आधी मटणाचं बोलू, कारण मशीन घ्यायची की नाही हे त्यावरच ठरतं. बोकडाचा खिमा आता महिन्यातून एखाद्या वेळीच परवडतो. मोठ्याचं मटण त्याच्या निम्म्याहून कमी भावात मिळतं, म्हणून कमी पैशात घरभर खिमा करायचा तर तेच आणलं जातं. महाराष्ट्रात गाईची कत्तल आधीपासून बंद होती, मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळे इथं मोठ्याचं म्हणजे म्हैस किंवा रेडा, आणि तेही तपासणी होऊन दाखला मिळालेल्या जनावराचं, परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यायचं. म्हशीची चरबी पांढरीशुभ्र असते, गाईबैलाची पिवळसर. मांस गडद लाल, बोकडापेक्षा जाड धाग्याचं आणि कमी चरबीचं. हे सगळं अख्ख्या तुकड्यात डोळ्यांना दिसतं. तयार खिम्यात काहीच दिसत नाही. झिल्ली, नसा, कालचे उरलेले तुकडे सगळं एका ढिगात जातं आणि भाव मात्र निवडक मांसाचा लागतो. घरच्या मशीनचा पहिला फायदा हाच, की आपण काय खातो ते आपल्याला माहीत असतं.

दुसरा फायदा भावाचा. खांदा, मान आणि पायाच्या वरच्या भागाचं मांस भाजीला वातड लागतं म्हणून त्याला गिऱ्हाईक कमी, आणि खिम्याला नेमकं तेच चांगलं. रानाचं, म्हणजे मांडीचं, मऊ मांस दळून वाया घालवू नये. खाटकाला सांगावं की खांद्याचं द्या, हाड काढून, वरची जाड पांढरी नस सोलून. अर्ध्या किलोमागे मूठभर, म्हणजे साधारण ५० ग्रॅम चरबी मागून घ्यावी. म्हशीच्या खिम्यात चरबी नसली तर शिजल्यावर तो भुसभुशीत, कोरडा होतो, मग कितीही तेल ओता.

आता मशीन. आठ, दहा, बारा, बावीस, बत्तीस हे आकडे जाळीच्या आकाराचे आहेत. आठ नंबरची जाळी साधारण ६२ मिलिमीटर व्यासाची, दहा आणि बाराची ७० च्या आसपास, बावीसची ८२. आठ नंबरमध्ये तोंड इतकं अरुंद की तुकडे फार बारीक करावे लागतात आणि अर्ध्या किलोलाही हात दुखतो. बावीस नंबर फिरवायला दमदार माणूस लागतो, ती पंगतीची मशीन आहे. दहा नंबरमध्ये अर्धा किलो दहा मिनिटांच्या आत निघतो, बारा-तेरा वर्षांच्या मुलालाही दांडा फिरवता येतो. लाइन गेली तरी काम अडत नाही, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

अॅल्युमिनियमची मशीन हलकी आणि स्वस्त, पण तिचं मळसूत्र आतल्या भिंतीला घासलं की करडी पावडर सुटते आणि खिम्याला काळपट झाक येते. प्लास्टिकच्या मशीनचा चोखा शेणानं सारवलेल्या जमिनीवर तर नाहीच, खडबडीत फरशीवरही धरत नाही. लसूण-मिरची वाटायला ती ठीक, म्हशीच्या मांसाला नाही.

बिडाची मशीन घेताना दुकानातच खोलून पाहावी. आत पाच गोष्टी असतात: भांडं, मळसूत्र, चार फाट्यांचं पातं, भोकांची जाळी आणि ती आवळायची चाकी. पात्याची सपाट बाजू आणि जाळी एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरा. मधून उजेडाची रेघ दिसली तर ते पातं मांस कापणार नाही, चिरडेल. आतल्या भिंतीवर कलई सलग हवी, काळे ठिपके दिसले तर तिथूनच गंज धरतो. मळसूत्र हाताने फिरवून पाहा, भिंतीला घासल्याचा आवाज येता कामा नये. सोबत दोन जाळ्या मिळतात का विचारा, एक ८ मिलिमीटरची आणि एक ४ ते ५ ची. एकच मिळत असेल तर मोठ्या भोकांची घ्या, बारीक खिमा दोनदा दळून काढता येतो.

बसवायची अडचण खरी आहे आणि दुकानदार ती सांगत नाही. मशीनचा शिकंजा साडेतीन-चार सेंटिमीटरपर्यंतच्या फळीलाच लागतो. पाटाला लावली तर दांडा जमिनीला आपटतो. कडप्प्याच्या ओट्याला थेट आवळली तर कडप्पा तडकू शकतो, वरखाली लाकडाची पट्टी किंवा जाड पोत्याचा तुकडा घालावाच लागतो. सगळ्यात चांगलं म्हणजे गुडघ्याएवढ्या उंचीचं सागाचं बाकडं. एक जण बाकड्यावर बसून वजन देतो, दुसरा दांडा फिरवतो.

नव्या मशीनला आतून तेल-ग्रीस लावलेलं असतं. गरम पाण्यानं आणि साबणानं धुऊन, आधी दोन कच्चे आलू दळून ते फेकून द्यावेत. करडा रंग येणं थांबेपर्यंत.

दळताना लोक सगळ्यात जास्त चुकतात ते पात्यात. पात्याची सपाट, धारेची बाजू बाहेर, जाळीकडे असावी. उलटं बसलं की दांडा जड होतो आणि जाळीतून तांबडा चिखल येतो. गिऱ्हाईक मशीनला शिव्या देतं, पण दोष बसवण्याचा असतो. दुसरी चूक चाकीची. ढिली राहिली तर नसा पात्यावर गुंडाळतात. हाताच्या जोरानं घट्ट करा, पक्कड लावू नका. जाळीच्या कडेला एक खाच असते, ती भांड्याच्या आतल्या खिळीवर बसली नाही तर जाळीच पात्याबरोबर फिरते.

मांस गार हवं. कोमट मांसातली चरबी मऊ पडून जाळीला चोपडते, भोकं बुजतात, आणि असा खिमा शिजताना पाणी सोडून बसतो. फ्रीज असेल तर तुकडे ३०-४० मिनिटं बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत, कडक व्हावेत पण गोठू नयेत. फ्रीज नसेल तर सकाळी मटण आणल्याबरोबर दळावं आणि मळसूत्र, पातं, जाळी आदल्या रात्रीपासून फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवावी. एप्रिल-मे महिन्यात अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा दुपारी खिमा दळणं हा धोकाच आहे. दळलेल्या मांसाला सगळीकडून हवा लागलेली असते, अख्ख्या तुकड्यापेक्षा ते फार लवकर खराब होतं. दळल्याबरोबर गंज (पातेलं) चुलीवर चढलाच पाहिजे.

तुकडे अंगठ्याएवढ्या रुंदीच्या लांब पट्ट्यांत कापा, धाग्याच्या आडवे. पट्टी मळसूत्र स्वतःच ओढून घेतं, चौकोनी तुकडे ढकलावे लागतात. ढकलायला लाकडी दांडुकं, बोट कधीच नाही. अडकलं तर अर्धा फेरा उलटा फिरवावा. चरबी मांसाच्या अधूनमधून टाकावी, शेवटी एकदम नाही. सगळं निघालं की शिळ्या ज्वारीच्या भाकरीचे दोन तुकडे टाका, मळसूत्रात अडकलेला मूठभर खिमा त्यांच्यासोबत बाहेर येतो. अर्ध्या किलोच्या हिशोबात ती मूठ महत्त्वाची आहे.

सहा जणांच्या रश्श्याला अर्धा किलो खिमा, ७५ ग्रॅम सोयाबीन वडीचा चुरा, ४०० ग्रॅम आलू, ३०० ग्रॅम कांदे, दोन भेद्रं (टमाटे), २५ ग्रॅम सुकं खोबरं, तेवढंच आलं-लसूण आणि चार मोठे चमचे तेल लागतं. चुरा मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून, गार पाण्यात दोनदा धुऊन, घट्ट पिळायचा. न धुता टाकला तर उग्र वास रश्शाला येतो, न पिळता टाकला तर मसाला आत शिरत नाही. ७५ ग्रॅमचा भिजून-पिळून २०० ग्रॅमच्या आसपास होतो, म्हणजे अर्ध्या किलोचं माप ७०० वर जातं. याहून जास्त घातला की जीभ ओळखते. (सोयाबीन आपल्याच शेतात पिकतं, पण घरचे दाणे भिजवून घातले तर चालत नाहीत. वडी तेल काढलेल्या पिठाची, यंत्रातून दाबून केलेली असते. तिचा धागा घरी येत नाही.)

कांदा आणि खोबरं तव्यावर काळसर होईपर्यंत भाजा, चार लवंगा, सहा मिरे, दालचिनीचा तुकडा आणि चिमूटभर दगडफूल घालून वाटा. गंजात तेल कडकडीत तापवा. खिमा घालण्याआधी पाव वाटी पाणी शिंपडून हाताने मोकळा करून घ्या, नाहीतर शिजून त्याचे खडे होतात आणि आत कच्चे राहतात. आता निम्माच खिमा टाका. सगळा एकदम टाकला तर गंज गार पडतो, मांस पाणी सोडतं आणि भाजण्याऐवजी उकडतं. करडा, बेचव खिमा होतो तो असा. तळाला तपकिरी थर दिसला की बाकीचा टाकून पुन्हा परता. मग आलं-लसूण, दोन चमचे तिखट, दोन चमचे धने पूड, अर्धा चमचा हळद, चिरलेली भेद्रं. तेल कडेला सुटलं की वाटण, मग चुरा. भिवापुरी मिरचीचं तिखट असेल तर आधी दीडच चमचा घालून चव पाहा.

म्हशीचा खिमा बोकडासारखा दहा मिनिटांत शिजत नाही. अडीच पेले गरम पाणी घालून कुकरला चार शिट्ट्या आणि पुढं पाच मिनिटं मंद आंच. आलू पहिल्यापासून टाकले तर त्यांचा लगदा होतो, म्हणून कुकर उघडल्यावर मोठ्या फोडी घालून झाकण ठेवून १२-१५ मिनिटं शिजवा. मीठ चुऱ्यातही आहे हे लक्षात ठेवा. वरून सांबार (कोथिंबीर), सोबत ज्वारीची भाकरी आणि कांदा. दुसऱ्या दिवशी उरलाच तर तो आटवून पराठ्यात भरतात, पण उन्हाळ्यात फ्रीजशिवाय ठेवू नये.

टिकियांसाठी पद्धत वेगळी. अर्धा किलो खिम्याला १५० ग्रॅम चना डाळ, तासभर भिजवून. दोन्ही अख्ख्या मसाल्यासोबत जेमतेम पाण्यात शिजवून, पाणी पूर्ण आटवून, गार करून मग बारीक जाळीतून दळायचं. इथं मशीन खरोखर चमकते, पाट्यावर जे काम हात मोडतं ते पाच मिनिटांत होतं. तळताना टिकिया फुटतात त्याचं कारण जवळजवळ नेहमी डाळीत राहिलेलं पाणी असतं. दोन मोठे चमचे फुटाण्याचं पीठ मिसळून अर्धा तास ठेवा. अंड्यानं भागत नाही, ओलावा आणखी वाढतो. एवढ्या मिश्रणात १६ ते १८ टिकिया होतात. वरण-भातासोबत तोंडी लावायला माणशी दोन पुरतात.

बेसनाचे गोळे घातलेल्या गोळाभाताच्या धर्तीवर कच्च्या खिम्याचे गोळे भातात शिजवणारेही आहेत. त्यात भात आधी होतो आणि गोळा आत लाल राहतो. गोळे वेगळे उकडून मगच भातात घालावेत.

धुण्याचा कंटाळा हा या मशीनचा खरा दोष आहे. आधी गार पाणी, मग गरम. पहिल्यांदाच गरम पाणी घातलं तर मांसाचा चिकटा भोकांत शिजून बसतो आणि बाभळीच्या काट्यानं एकेक भोक टोकरावं लागतं. राखेनं किंवा तारेच्या चोथ्यानं घासलं तर कलई जाते, साधा काथ्या वापरावा. पुसून, उन्हात वाळवून, खायचं तेल चोपडून, जाळी आणि पातं कापडात वेगळी गुंडाळून ठेवावी. पावसाळ्यात एक रात्र ओली राहिली तरी तांबडा गंज दिसतो. पापड-सांडग्याची डाळ याच मशीनमध्ये दळणाऱ्या घरांनी निदान जाळी-पात्याचा दुसरा जोड ठेवावा, मटण न खाणारं माणूस घरात असेल तर मशीनच दुसरी हवी.

धार गेली तर मशीन टाकू नका. काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर पसरून, पाणी टाकून, पात्याची सपाट बाजू आणि जाळीची पात्याकडची बाजू आठाच्या आकड्यात घासा, सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत. चाकूसारखी कानस लावली तर दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर बसत नाहीत आणि पातं कायमचं जातं. रिकामी मशीन फिरवणाऱ्या मुलांना आवरा, धार जायचं मुख्य कारण तेच.

दहा नंबरची बिडाची मशीन साधारण दीड ते अडीच हजारात येते. महिन्यातून दोनदा खिमा होणाऱ्या घराला ती घेण्यासारखी आहे, वर्षातून चारदा करणाऱ्यांनी दोन-तीन घरांत मिळून घ्यावी. घेताना सुटं पातं आणि जाळी त्याच दुकानात, त्याच मशीनवर बसवून पाहून घ्या. नंबर तोच असला तरी एका बनावटीचं पातं दुसरीच्या मळसूत्राच्या चौकोनी टोकावर बसेलच असं नाही, आणि ते कळतं तेव्हा मटण कापून ठेवलेलं असतं.